मोसंबीच्या काट्यावर तरन्नुम

तरन्नुमला राग आला की ती आधी ओढणी कमरेला खोचते, मग बोलते. गेवराईत आमच्या गल्लीला हे ठाऊक आहे. ओढणीचं टोक कमरेकडं निघालं की समोरचा माणूस आपोआप एक पाऊल मागं सरकतो. घरात ती दखनी बोलते, पोराशी तर अर्धंअधिक गाण्यातच बोलते. भांडण मात्र मराठीत. "मराठीत भांडलं का बाजाराला समजतं," असं तिचं म्हणणं. नवऱ्याशी भांडायला बाजार कशाला लागतो, असं तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "मंग त्यानं कावून मला बाजारात मोजलं?"

तिचे अब्बा कासमभाई मांजरसुंब्याच्या चौकात पंक्चरचं दुकान चालवतात. ढाब्यांच्या रांगेला लागून पत्र्याचं शेड आणि दारात ट्रकच ट्रक. तरन्नुम शाळेतून आली की दप्तर टायरवर टाकायची आणि पान्यावर उभी राहायची. अक्षरशः उभी. ट्रकच्या चाकाचा गंजलेला नट नुसत्या हातानं हलत नाही, लांब पान्याच्या टोकावर अंगाचा भार द्यावा लागतो. कासमभाई काडीसारखे. घरात भार द्यायला ही एकटीच भरीव. "चढ बेटा," म्हणायचे ते, आणि ही पान्यावर चढून एक उडी मारायची. कर्रर्र करत नट सुटायचा.

"कासमभाई, पोरगी हाय का पैलवान?" एका ड्रायव्हरनं विचारलं होतं.

"दोन्ही," अब्बा म्हणाले.

सांगायचं एवढंच की त्या घरात वजन ही कामाची वस्तू होती. तिची लाज वाटायची असते हे तरन्नुमला गेवराईत आल्यावर कळलं.

गेवराईचं सासर मोसंबीवाल्यांचं. पुढं गोदाम, मागं घर. गोदामातून गेल्याशिवाय घर येत नाही. तिचा नवरा अशफाक बागा उक्त्या घेतो, म्हणजे फळ झाडावर असतानाच सगळी बाग नजरेनं जोखून सौदा करतो. बागेतून एक चक्कर मारायची, चार झाडांखाली थांबून वर बघायचं आणि आकडा बोलायचा. नजर चुकली की धंदा बसला. अशफाकची नजर चुकत नाही अशी त्याची ख्याती, आणि त्या ख्यातीवर तो मोसंबीपेक्षा जास्त जगतो. दोस्त त्याच्याशी चहाच्या पैजा लावतात. कॅरेट दाखवतात, पोतं दाखवतात, एकदा तर बोकड दाखवला. अशफाक डोळे बारीक करतो, आकडा सांगतो आणि चहा पितो.

बाळंतपण मांजरसुंब्यालाच झालं. मुलगा झाला, शहेबाज. चाळीस दिवस झाल्यावर तरन्नुम पोराला घेऊन सासरी परतली, ती नेमकी माल उतरत असताना. गोदामात अशफाक होता, एका बागायतदाराचा पोरगा रविराज होता, टेम्पोचा ड्रायव्हर होता आणि मधोमध तो मोठा इलेक्ट्रिक काटा. काट्याशेजारी मापाडी त्रिंबकमामा. मामांनी तागडीच्या काळापासून मापं केली. आता काटा आपोआप लाल आकडे दाखवतो, तरी पहिल्या मापाला ते "एक" म्हणत नाहीत. जुन्या रिवाजानं "बरकत!" म्हणतात, मग आकडा पुकारतात.

रविराज म्हणाला, "अशफाकभाई, झाडाचं कुणीबी सांगल. हलत्या मालाचं सांगा की."

हलता माल म्हणजे तरन्नुम, हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला. तोवर अशफाकनं डोळे बारीक केलेही होते.

"पंच्याहत्तर."

"चहा लागला?"

"लागला. ए तरन्नुम, चढ गं जरा."

बाळ बघायला सासूबाई, जैनबबी, धावत बाहेर आल्या होत्या. त्यांनी बाळ घेतलं. हात मोकळे झाले आणि तरन्नुम काट्यावर चढली. "पयल्यांदा मीबी हसले," ती सांगते. "मला वाटलं, लई दिवसांनी आले, लाडात आलाय."

त्रिंबकमामांनी सवयीनं पुकारलं, "बरकत! एक्क्याऐंशी!"

हशा झाला. ड्रायव्हर हसला, रविराज मांडीवर थाप मारून हसला. आणि अशफाक, जो बोकडाच्या बाबतीत चुकला नव्हता, तो स्वतःच्या बायकोच्या बाबतीत चारचौघांत हरला. त्याचं तोंड उतरलं. मग तो म्हणाला, "नजर न्हाई चुकली बे माझी. मालच फुगला."

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिते आहे. नऊ महिने एक जीव पोटात वागवून, टाके घालून घेऊन, बाई घरी येते आणि नवरा म्हणतो, माल फुगला. आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. वाटणार तरी कसं? गावात ज्याला त्याला बाळंतिणीच्या पोटावर बोलायचा हक्क आहे. भाजीवाली मेथीची जुडी देता देता म्हणते, "लई सुटलीस गं पोरी." पलीकडची काकू बाळाचं तोंड बघायच्या आधी आईची कंबर बघते. एसटीत तिकीट फाडणारा म्हणतो, "मधी सरका, दोघींची जागा लागती तुमाला." बाळ कसं आहे, रात्री झोप होते का, टाके दुखतात का, हे विचारणारा माणूस कंदील घेऊन शोधावा लागतो.

त्या रात्री जेवताना अशफाकनं फर्मान काढलं. "उद्यापासून ही पावडर. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दुपारी वाटीभर उकडलेलं कायबी."

डबा त्यानं कुठल्याशा दोस्ताकडून आणला होता. डब्यावर पातळ कमरेची गोरी बाई हसत होती.

"अन् भूक लागली का?" तरन्नुमनं विचारलं.

"गरम पाणी पी."

"पाणी नको गं बाई!" जैनबबी चुलीपासून ओरडल्या. "कच्चं अंग हाय. पाण्यानं पोट सुटतं."

"मंग काय खाऊ अम्मी, हवा?"

"हवा नको भाभी," नणंद खुशनुमा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "गॅस होतो."

डिंकाचे लाडू मांजरसुंब्याहून डबाभर आले होते. ते पाहुण्यांत वाटले गेले. पोटाला जैनबबींनी जुन्या ओढणीचा पट्टा बांधला, तो इतका घट्ट की बसल्यावर श्वास अर्ध्यातून परत फिरायचा. खुशनुमा रोज एक व्हिडिओ दाखवायची. "ही बघा भाभी, बाळ झाल्यावर महिन्यात कशी काडी झाली."

"तिच्या घरची भांडी कोण घासतं ते दावतेत का त्याच्यात?"

"तुमचं आपलं कायतरीच."

आणि दर आठवडी बाजारी, माल उतरून झाला की, काटा. अशफाकला आपली नजर खरी करून दाखवायची होती. पंच्याहत्तर म्हणजे पंच्याहत्तर. मालानं त्याच्या आकड्यावर यायचं, बस्स. गोदामातून आवाज यायचा, "तरन्नुम, ये गं!" रविराज असायचा, आणखी एकदोघं असायचे, चहा असायचा. ती यायची, चपला काढायची, चढायची. त्रिंबकमामा मान खाली घालून आकडा पुकारायचे.

आकडा उतरायला लागला. टाळ्या पडल्या. "खोटं कावून बोलू, आवडलं मला," तरन्नुम सांगते. "इतक्या दिवसांत कुणी शाबास म्हणलं नव्हतं. पोर काढलं तवा शाबास न्हाई म्हणले. दोन किलो गेले तवा म्हणले."

मग केस जायला लागले. कंगवा फिरवला की मूठभर हातात. मग उभं राहिलं की डोळ्यांपुढं काळे ठिपके. एकदा चुलीपाशी भिंत धरून बसली, तर जैनबबी म्हणाल्या, "नाटकं." मग शहेबाजचं रडणं बदललं. आधी तो दणकून रडायचा, सगळी गल्ली उठवायचा. आता बारीक रडायचा, मांजराच्या पिल्लागत. छातीला लागायचा, दोन घोट ओढायचा, तोंड बाजूला करायचा, परत शोधायचा. तरन्नुम त्याला या बाजूला घ्यायची, त्या बाजूला घ्यायची.

"अम्मी, दूध येत न्हाई वो."

"तुझं दूधच पातळ हाय. नजर लागली पोराला." मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकल्या गेल्या. मिरच्या तडतडल्या, सगळे खोकले, पोर आणखी रडलं.

"मला एक भाकर देता का? एकच."

जैनबबींनी गोदामाकडं बघितलं. "अशफाकला इचारते."

भाकरीसाठी परवानगी! ज्या घरात कॅरेटच्या कॅरेट माल येतो, हमाल दुपारी बसून चार-चार भाकरी मोडतात, त्या घरातल्या पाजत्या बाईच्या भाकरीला परवानगी लागते. अशफाक म्हणाला, "आता कुठं आकडा खाली येतोय अन् भाकर? बाजारापर्यंत कळ काढ."

लसीचा दिवस नेमका बाजाराच्या दिवशी आला. तरन्नुम शहेबाजला घेऊन एकटीच सरकारी दवाखान्यात गेली. नर्सनं बाळाला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, परत ठेवलं, परत बघितला. मग आत मॅडमकडं पाठवलं.

डॉक्टरीणबाई घाईत होत्या. "मागच्या वेळेला साडेचार किलो. आजही साडेचार. दूध पाजता?"

"पाजते. येत न्हाई पण."

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"पावडर."

"आणि?"

"आणि काय न्हाई."

"पाणी?"

"सासू देत न्हाई. पोट सुटतं म्हणून."

"हे पोटाला काय आवळलंय?"

तरन्नुमनं पट्टा सोडला. कातडीवर लाल वळ होता, आतल्या बाजूला घामोळं फुटलेलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर रांग कुरकुरत होती, तिकडं त्यांनी बघितलं नाही.

"ऐका. वजन उतरवू नका असं मी म्हणत नाही. उतरवा, गुडघ्यांना बरंच आहे. पण उपाशी राहून नाही. पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा जास्त लागतं, कमी नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी, दूध. तहान लागेल तेवढं पाणी. गोड आणि तळलेलं कमी करा, पण जेवण नाही. रोज चाला, आधी थोडं, मग वाढवा. चढायला नऊ महिने लागले, उतरायलाही तेवढे लागतील असं धरून चाला. पावडर बंद, पट्टा बंद. रक्त तपासून जा, चक्कर येते ती बघू. बाळाला आठ दिवसांनी आणा."

तरन्नुम दवाखान्यातून निघाली. बाहेरच्या टपरीवर उभ्या-उभ्या दोन केळी आणि दोन उकडलेली अंडी खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्यायली. टपरीवाला म्हणाला, "सावकाश ताई, ठसका लागंल." रिक्षात बसल्यावर शहेबाज ओढणीखाली तोंड शोधत होता. तिनं रिक्षावाल्याला घर नाही सांगितलं, गोदाम सांगितलं. पत्ता एकच आहे, तरी गोदाम सांगितलं.

शटर वर होतं. माल उतरून झाला होता. काट्याभोवती रविराज, दोन व्यापारी आणि अशफाक. एका कोपऱ्यात आठ दिवसांपूर्वीचा माल पडला होता. ट्रक वेळेवर लागला नव्हता आणि मोसंबी सुकायला लागली होती. अशफाक त्याच ढिगापाशी कपाळाला हात लावून उभा होता. "वजन सोडलं बे मालानं. रसच गेला सगळा."

तरन्नुमला बघून त्याचा चेहरा खुलला. "आली! चल, आज होतंय बघ पंच्याहत्तर. रविराज, चहा सांगून ठेव."

ओढणीचं टोक कमरेकडं गेलं.

ती काट्याजवळ आली. चपला काढल्या नाहीत. काट्याच्या पत्र्यावर तिनं शहेबाजची दुलई अंथरली आणि वर पोराला ठेवलं. एवढ्या मोठ्या काट्यावर ते मुठीएवढं दिसत होतं. पाय हलवत होतं, बारीक रडत होतं.

"ए, ए, काय करायलीस?" अशफाक पुढं आला.

"मागं सर."

आतापर्यंत ती नवऱ्याला 'तुमी' म्हणत आलेली. गोदामात सगळ्यांनी ते ऐकलं.

"मामा, पुकारा."

त्रिंबकमामांनी लाल आकड्याकडं बघितलं. ओठ हलले. पोराचं पहिलं माप होतं, रिवाजानं 'बरकत' शब्द यायला पाहिजे होता. आला नाही. दुलईचं वजन वजा करून ते एवढंच म्हणाले, "साडेचार."

"मागल्या महिन्यात किती होतं ठाव हाय? साडेचार. दवाखान्यात लिहिलेलं हाय. महिनाभर माझं पोर वाढलं न्हाई. महिनाभर! तुमी टाळ्या वाजवत होता तवा हे आतून सुकत होतं."

"तरन्नुम, लोकांसमोर..."

"लोकांसमोरच मोजलंस ना मला? मंग लोकांसमोरच ऐक." ती वळली, कोपऱ्यातल्या ढिगातली एक मोसंबी उचलली आणि त्याच्या हातात दाबली. "हे काय हाय?"

"सुकलेला माल."

"याचं वजन गेलं तवा तू कपाळ बडवलंस. कावून?"

अशफाक मोसंबी हातात फिरवत राहिला.

"सांग की! धंदा तुझा हाय. वजन कावून जातं?"

"रस जातो," तो पुटपुटला.

"रस जातो! बाग नसलेल्या माणसालाबी हे कळतं. मोसंबीनं वजन सोडलं का रस गेला, माल गेला, तोटा झाला. अन् घरातली पाजती बाई वजन सोडती तवा शाबास? चहा सांगतोस? माझा रस कुणाच्या तोंडातून गेला, बघितलंस कधी? त्याच्या!" बोट काट्यावरच्या पोराकडं. "नजर पक्की म्हणं! सालीवरून बाग जोखतोस, पर घरात पोर वाळतंय ते दिसंना तुला!"

रविराज खाली बघून चप्पल शोधायला लागला.

"थांबा ओ रविराजभाऊ. चहा घेऊन जावा. आधी काट्यावर चढा. चढा की! आज तुमचंबी पुकारू. अन् हेंचंबी." तिनं अशफाकच्या शर्टातून पुढं आलेल्या पोटाकडं बघितलं. "हे पोट कुणाचं हाय? किती महिन्यांचं?"

एक व्यापारी फिस्सकन हसला आणि लगेच खोकला. कुणी चढलं नाही. त्रिंबकमामांनी वाकून काट्याचं बटण बंद केलं, शहेबाजला दुलईसकट उचललं आणि तरन्नुमच्या हातात दिलं. "माणूस मोजायचा न्हाई आता ह्याच्यावर," ते अशफाककडं न बघता म्हणाले. "मला न्हाई जमायचं."

घरात गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे पावडरचा डबा मोरीत. मग परातीत पीठ. तव्यावरची पहिली भाकर तिनं चुलीपाशीच बसून खाल्ली, डाळीत कुस्करून, कुणाला न विचारता. जैनबबी दारात उभ्या. खुशनुमा मोबाईल विसरून उभी.

"मांजरसुंब्याला जातीस का काय आता?" जैनबबींनी विचारलं. आवाजात दरारा कमी, भीती जास्त.

"कावून जाऊ? माझं घर हे हाय. भाकर हितंच खाणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाजायला बसली तर शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या. जैनबबी पाठमोऱ्या, तांदूळ निवडत.

"काय ओ अम्मी, पोट सुटंल ना?"

"सुटू दे," जैनबबी म्हणाल्या. थोड्या वेळानं, तांदळाशीच बोलल्यागत, "मलाबी दिलं नव्हतं कुणी."

तरन्नुम आता रोज सकाळी कॅनॉलच्या कडेनं चालते. शहेबाज जैनबबींपाशी असतो. वाळूचे टिपर धुरळा उडवत जातात, ती ओढणी नाकाला लावते आणि चालत राहते. गल्लीत कुजबुज झालीच. बाळंतीण बाई एकटी रोडनं चालते. ती कुजबुज तिच्यापर्यंत आली तेव्हा तिनं कुजबुजणारीलाच उद्या सोबत चल म्हणून सांगितलं. ती बाई आता येते, धापा टाकत येते आणि वाटेत सुनेबद्दल बोलते. डिंकाचा लाडू रोज एक, दोन नाहीत. भजी महिन्यातून कधी. चक्कर थांबली. वजन उतरतंय, पण हळूहळू. ते तिला सलवारीच्या नाडीवरून कळतं, तिला आकडा बघायचा नाही.

पुढं बाळाला दाखवायच्या एका दिवशी अशफाक सोबत आला. न सांगता आला, रिक्षात पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. नर्सनं शहेबाजला काट्यावर ठेवलं. पोरानं काटा हादरेल अशी एक आरोळी ठोकली, पूर्वीसारखी, गल्ली उठवणारी. नर्स हसली. "पाच किलोच्या वर गेला की पठ्ठ्या! चांगला भरला."

अशफाकनं लगेच खिशातून मोबाईल काढला, अम्मीला सांगायला. सांगितलं. मग मोबाईल खिशात टाकता टाकता, सवयीनं, जणू काही झालंच नव्हतं अशा आवाजात त्यानं विचारलं, "अन् तुझं? तुझं किती झालं आता?"

तरन्नुमनं पोराला खांद्यावर घेतलं. ओढणीकडं हात गेला. अशफाक एक पाऊल मागं सरकला, थेट नर्सच्या टेबलाला टेकला.

"तुमची नजर लई पक्की हाय ना?" ती म्हणाली. "करा की अंदाज."

ती त्याच्यासमोर उभी राहिली. पोराला घेऊन, दोन्ही पाय रोवून, पान्यावर उभी राहायची तशी. रांगेतल्या बाया बघत होत्या. नर्सही बघत होती.

अशफाकनं डोळे बारीक केले नाहीत. आकडाही बोलला नाही. बाळाची पिशवी उचलली आणि रिक्षा बघायला बाहेर गेला.